पात्यांची पोलादे

पात्यांची पोलादे : चाकू, सुऱ्या व हाताने कापण्याची तत्सम हत्यारे यांची पाती तयार करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या पोलादांचा वर्ग. ही पोलादे लोखंड व कार्बन यांची असून त्यांत प्रयोजनानुसार क्रोमियम, मॉलिब्डेनम, टंगस्टन, व्हॅनेडियम, निओबियम, कोबाल्ट व नायट्रोजन ही मूलद्रव्ये कमी-अधिक प्रमाणात मिसळलेली असतात. साध्या कार्बन पोलादापासून क्रोमियमयुक्त अगंज पोलादापर्यंतचे प्रकार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ झाले होते. १९७० नंतर चूर्ण धातुविज्ञानाच्या तंत्राने तयार केलेल्या, मिश्रक धातूंचे प्रमाण फार मोठे असलेल्या पोलादांची त्यांत भर पडली. व्यापारात ती उच्च गुणवत्तेची पोलादे म्हणून ओळखली जातात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या नव्या पोलादांचा विकास व त्यामागील धातुवैज्ञानिक कारणे यांचा विचार केलेला आहे.

अपेक्षित गुणधर्म : धार वाकू नये म्हणून कठिनता, ती लवकर बोथट होऊ नये म्हणून झीजरोध, तिचे टवके उडू नयेत म्हणून चिवटपणा आणि ओलावा, मीठ व आम्ल यांपासून बचाव व्हावा म्हणून गंजरोध असे चार गुण पात्यात असावे लागतात. यांपैकी एक वाढविला, की दुसरा बहुधा कमी होतो. पात्यांच्या पोलादांचा सर्व इतिहास म्हणजे या चार गुणांत मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

कार्बनयुक्त पोलाद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात, तेलात किंवा हवेच्या झोतात एकदम थंड केले म्हणजे त्यात मार्टेन्साइट ही कठीण संरचना निर्माण होते. नंतर ते पुन्हा कमी तापमानास तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. मार्टेन्साइटामध्ये कार्बाइडांचे, म्हणजे धातू व कार्बन यांच्या संयुगांचे, अतिशय कठीण कण विखुरलेले असतात. काँक्रीटमध्ये सिमेंटने धरून ठेवलेल्या खडीशी या रचनेची तुलना करता येईल. विकर्स मापक्रमानुसार पात्यातील मार्टेन्साइटाची कठिनता सु. ७०० ते ८००, लोह कार्बाइडाची सु. १,०००, क्रोमियम कार्बाइडाची सु. १,५०० आणि व्हॅनेडियम कार्बाइडाची सु. २,८०० असते. कार्बाइडांचे प्रमाण व कठिनता जितकी अधिक तितका झीजरोध अधिक. परंतु कण मोठे असतील, तर त्यांच्या कडेने तडे जातात आणि चिवटपणा घटतो. चांगल्या धारेचे टोक एक मायक्रॉनाहूनही अरुंद असते. अशा धारेत वीस-तीस मायक्रॉनांचा कण टिकून राहू शकत नाही. तो निखळतो व त्या ठिकाणी खाच पडते. यामुळे पोलादात कोणते कार्बाइड आहे याइतकेच त्याचे कण केवढे आहेत, यालाही महत्त्व आहे.

भारतीय मुशीतील पोलाद : उच्च कार्बनी पोलादाचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन प्रकार दक्षिण भारतात तयार होत असे. घडीव लोखंडाचे तुकडे व वनस्पतिज पदार्थ मातीच्या बंद मुशीत घालून ती मूस कोळशाच्या भट्टीत दीर्घकाळ तापवीत आणि सावकाश थंड होऊ देत. त्यातून सु. १·५ टक्के कार्बन असलेला लहान पिंड मिळे. हे पोलाद यूरोपात ‘वुट्झ’ या नावाने प्रसिद्ध झाले. पोलादवाचक कन्नड ‘उक्कु’ या शब्दापासून हे नाव आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. सध्याच्या तेलंगण राज्यातील कोनसमुद्रम हे त्याचे एक महत्त्वाचे केंद्र होते आणि तेथून माल नेण्यासाठी इराणी व्यापारी येत असत. पश्चिम आशियात या पिंडांपासून घडविलेल्या तलवारींवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसे. त्या दमास्कस तलवारी म्हणून ओळखल्या जातात.

या पोलादाचा यूरोपीय विज्ञानाशी संबंध मुंबईमार्गे आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबईस असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. छिन्न्या, कानशी, करवती, तसेच बंदुकीच्या चापावर गारगोटी आपटते तो भाग, अशा अतिशय कठिनता लागणाऱ्या कामांसाठी ते वापरले जाते, असे स्कॉट यांनी कळविले होते. मंद लाल रंगापलीकडे ते तापविता येत नाही, हेही त्यांनी नमूद केले होते. जॉर्ज पीअर्सन यांनी या नमुन्यांवर प्रयोग करून १७९५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार झाल्याचे म्हटले होते. वस्तुतः ते दख्खन व दक्षिणेकडील भागांतले असून मुंबई हे केवळ ते पाठविण्याचे ठिकाण होते.

लंडनमधील शस्त्रक्रियेची हत्यारे तयार करणारे कारागीर जेम्स स्टोडार्ट हे वुट्झचे चाहते होते. त्यांच्या सहकार्याने मायकेल फॅराडे यांनी १८१८ नंतर त्यावर संशोधन केले. वुट्झच्या अंगी असलेले गुण त्यातील अल्प ॲल्युमिनियमामुळे येतात, हा फॅराडे यांचा प्रारंभीचा तर्क पुढे चुकीचा ठरला. परंतु त्या निमित्ताने त्यांनी पोलादात निकेल, क्रोमियम, चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम इ. धातू मिसळून पाहिले आणि १८२० व १८२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिश्र पोलादांच्या पद्धतशीर अभ्यासाचा हा आरंभ होय. १८२१ मध्ये फ्रान्समध्ये प्येअर बेर्त्ये यांनी लोह-क्रोमियम मिश्रधातूवर आम्लांचा परिणाम कमी होतो असे दाखवून ती सुऱ्यांसाठी वापरता येईल, असे सुचविले.

वुट्झमधील नक्षीचे कारण विसाव्या शतकाच्या अखेरीस अधिक स्पष्ट झाले. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाचे धातुवैज्ञानिक जॉन व्हरहोव्हन व पाती घडविणारे कारागीर आल्फ्रेड पेंड्रे यांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, पोलादातील व्हॅनेडियमासारख्या कार्बाइडजनक मूलद्रव्यांच्या लेशमात्र अंशामुळे घडाईच्या वेळी लोह कार्बाइडाचे कण ओळींत गोळा होतात व त्यांची नक्षी दिसते. दशलक्ष भागांत केवळ चाळीस भाग व्हॅनेडियमही त्यास पुरते. हे अंश धातुकातूनच येत असल्याने विशिष्ट खाणींचे धातुक मिळेनासे झाले, तेव्हा कारागिरांना जुनी नक्षी साधेना, असे त्यांचे अनुमान आहे. इंग्लंडमधून येणारे स्वस्त पोलाद, लाकडी कोळशाची टंचाई व तलवारींची घटलेली मागणी ही या उद्योगाच्या ऱ्हासाची आणखी कारणे होत. ज्या पोलादापासून मिश्र पोलादांच्या अभ्यासास चालना मिळाली, ते तयार करणाऱ्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकातच विझत गेल्या. वुट्झच्या नक्षीस ज्याचा लेशमात्र अंश कारणीभूत ठरे, त्या व्हॅनेडियमाचे नावही त्या भट्टीकारांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हेच मूलद्रव्य पुढे मोठ्या प्रमाणात मिसळून नवी पोलादे तयार झाली.

मिश्र व अगंज पोलादे : १८६८ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट मशेट यांनी टंगस्टनयुक्त, हवेतच कठीण होणारे पोलाद तयार केले. अमेरिकेतील बेथलीएम पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर व माँसेल व्हाइट यांनी १८९८ ते १९०० या काळात अशा पोलादाचे उष्णता संस्करण जवळजवळ वितळबिंदूपर्यंत नेऊन उच्च वेगी पोलाद सिद्ध केले. लेथवरील हत्यार तापून लाल झाले तरी या पोलादाची कठिनता टिकते. चाकू इतका तापत नसल्याने त्याला या गुणाचा फारसा उपयोग नाही. तथापि टंगस्टन, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या कठीण कार्बाइडांमुळे झीजरोध वाढतो, ही गोष्ट या पोलादांवरून सिद्ध झाली.

शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळीची आतून होणारी झीज कमी करण्यासाठी संशोधन करीत होते. ऑगस्ट १९१३ मध्ये त्यांनी ०·२४ टक्के कार्बन व १२·८ टक्के क्रोमियम असलेले पोलाद ओतले. सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी नमुन्यावर आम्ल वापरले असता ते पोलाद फारसे खाल्ले जात नाही, असे दिसून आले. शेफील्ड हे सुऱ्यांचे शहर असल्याने या पोलादाचा तेथे लवकरच सुऱ्यांसाठी उपयोग होऊ लागला. कार्बन कमी असल्यामुळे आणि ते कठीण करण्यासाठी नेहमीपेक्षा बरेच अधिक तापमान लागते हे कारागिरांना प्रथम माहीत नसल्यामुळे, सुरुवातीच्या अगंज सुऱ्या गंजत नाहीत पण कापतही नाहीत, असा त्यांचा लौकिक झाला. कैरी किंवा केळफूल चिरल्यावर साध्या लोखंडी विळीचे पाते काळे पडते, तसे या सुऱ्यांचे होत नसे. त्यामुळे धार कमी टिकत असूनही त्यांनी घरोघरी जागा मिळविली.

क्रोमियमाचा गंजरोधाला होणारा उपयोग त्याच्या एकूण प्रमाणावर अवलंबून नसतो. मार्टेन्साइटात विरघळलेले क्रोमियमच पृष्ठभागावर संरक्षक ऑक्साइडाचा पापुद्रा तयार करते. कार्बन वाढविला, तर तो क्रोमियमाला कार्बाइडात बांधून ठेवतो आणि गंजरोध कमी होतो. साच्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या डी २ या पोलादात सु. १२ टक्के क्रोमियम असूनही ते पूर्णतः अगंज नसते, याचे हेच कारण आहे. धारेसाठी कार्बन हवा आणि गंजरोधासाठी तो कमी हवा, हा पेच पुढील शंभर वर्षे कायम राहिला.

अन्य उद्योगांतून आलेली पोलादे : दुसऱ्या महायुद्धानंतर हाताने चाकू घडविणाऱ्या कारागिरांचा वर्ग विशेषतः अमेरिकेत वाढला. पोलादाची त्यांची मागणी अत्यल्प असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र पोलाद तयार करणे कारखान्यांना परवडत नसे. साहजिकच इतर कामांसाठी तयार झालेल्या पोलादांतून त्यांना निवड करावी लागे. सु. १ टक्का कार्बन व १७ टक्के क्रोमियम असलेले ४४० सी हे बॉल-बेअरिंगसाठी वापरले जाणारे अगंज पोलाद चाकूंसाठी दीर्घकाळ मान्यता पावले. १९७० नंतरच्या दशकात चाकूकार रॉबर्ट लव्हलेस यांनी १५४ सीएम हे १४ टक्के क्रोमियम व ४ टक्के मॉलिब्डेनम असलेले पोलाद लोकप्रिय केले. ते उच्च तापमानात चालणाऱ्या बेअरिंगांसाठी योजिले होते.

जपानमध्ये स्वयंपाकाच्या सुऱ्यांची स्वतंत्र परंपरा आहे. हिताची मेटल्स कंपनीच्या यासुगी येथील कारखान्याची शिरोगामी व आओगामी ही उच्च कार्बनी पोलादे ज्या पांढऱ्या व निळ्या कागदांत गुंडाळून येत, त्यांवरून ओळखली जातात. आओगामीत थोडे टंगस्टन व क्रोमियम असते. ही पोलादे अगंज नसली, तरी त्यांची संरचना सूक्ष्म असल्याने त्यांना फार तीक्ष्ण धार देता येते. ही कंपनी २०२३ पासून प्रोटेरिअल या नावाने ओळखली जाते. ताकेफू येथे तयार होणारे व्हीजी १० हे अगंज पोलाद अलीकडच्या जपानी सुऱ्यांत सर्वत्र आढळते.

दाढीच्या पात्यांसाठी वापरले जाणारे स्वीडिश एईबी-एल हे पोलादही येथे उल्लेखनीय आहे. सु. ०·६७ टक्के कार्बन व १३ टक्के क्रोमियम एवढीच त्याची घटना आहे. त्यात कार्बाइडे थोडी व अतिसूक्ष्म असल्याने ते चिवट असते. त्याला पातळ धार सहज लागते, पण झीजरोध बेताचा असतो. महागडी मिश्रणे म्हणजेच उत्तम पाते, हा समज बरोबर नसल्याचे हे पोलाद दाखवून देते.

चूर्ण धातुविज्ञान : मिश्रक धातूंचे प्रमाण वाढविण्यास नेहमीच्या ओतकामात मर्यादा पडते. मोठ्या साच्यात ओतलेला पिंड सावकाश गोठत असता कार्बाइडे एकत्र येऊन त्यांचे मोठे पुंजके बनतात व नंतरच्या घडाईनेही ते पुरते फुटत नाहीत. या अडचणीवर १९७० च्या सुमारास अमेरिकेत क्रुसिबल कंपनीने व स्वीडनमध्ये आसेआ-स्टोरा या पद्धतीने औद्योगिक पातळीवर तोड काढली. या पद्धतींत वितळलेल्या पोलादाच्या बारीक धारेवर नायट्रोजनासारख्या वायूचा जोरदार झोत सोडतात. त्यामुळे पोलादाचे सूक्ष्म थेंब होऊन ते क्षणार्धात गोठतात आणि प्रत्येक थेंब हाच एक लहानसा पिंड ठरतो. ही भुकटी पोलादी डब्यात भरून आतील हवा काढून घेतात. डबा बंद करून सु. १,१०० अंश से. तापमानास सर्व बाजूंनी सारखाच, वातावरणाच्या सु. हजारपट, दाब देतात. भुकटीचा सलग पिंड बनतो व त्याची नेहमीप्रमाणे घडाई आणि लाटण करता येते. अशा पोलादातील कार्बाइडांचे कण दोन ते चार मायक्रॉनांचेच असतात.

यामुळे पूर्वी अशक्य असलेली मिश्रणे शक्य झाली. क्रुसिबलच्या सीपीएम १०व्ही या पोलादात जवळजवळ १० टक्के व्हॅनेडियम आहे. वुट्झमधील लेशमात्र व्हॅनेडियमाच्या ते सु. अडीच हजार पट भरते. त्यापाठोपाठ एस ६०व्ही व एस ९०व्ही ही अगंज पोलादे आली. ऑस्ट्रियातील बोलर कंपनीचे एम ३९० व स्वीडनमधील उद्देहोल्म कंपनीचे एल्मॅक्स ही दोन्ही मुळात प्लॅस्टिक वस्तूंच्या साच्यांसाठी होती. काचतंतू मिसळलेले प्लॅस्टिक साचा झिजविते व त्यातून निघणारे वायू तो गंजवितात, म्हणून तेथे झीजरोध व गंजरोध दोन्ही लागतात. चाकूची गरजही नेमकी तीच असल्याने ही पोलादे चाकूकारांनी उचलली. झीजरोधाची परिसीमा म्हणजे रेक्स १२१ हे पोलाद होय. सु. ३·४ टक्के कार्बन, ९·५ टक्के व्हॅनेडियम, १० टक्के टंगस्टन व ९ टक्के कोबाल्ट असलेल्या या पोलादाची कठिनता रॉकवेल सी मापक्रमात सु. ७० पर्यंत जाते. मात्र त्यात चिवटपणा जवळजवळ उरत नाही.

२००१ मध्ये क्रुसिबलमधील धातुवैज्ञानिक डिक बार्बर यांनी चाकूकारांशी विचारविनिमय करून एस ३०व्ही तयार केले. त्यात १·४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते. अन्य उद्योगाची गरज न पाहता प्रामुख्याने चाकूंसाठी आखलेले चूर्ण पोलाद म्हणून त्याचे महत्त्व आहे.

नायट्रोजनयुक्त पोलादे : कार्बनाऐवजी नायट्रोजन वापरूनही पोलाद कठीण करता येते. नायट्रोजन क्रोमियमाला कार्बनाइतका बांधून ठेवीत नाही, त्यामुळे गंजरोध पुष्कळ वाढतो. परंतु वितळलेल्या पोलादात तो फार थोडा विरघळतो. म्हणून दाबाखाली पुन्हा वितळविण्याची पद्धत वापरतात किंवा चूर्णावस्थेत नायट्रोजन शिरवितात. जर्मनीत विमानांच्या बेअरिंगांसाठी विकसित झालेले क्रोनिडुर ३० आणि त्याच घटनेचे एलसी २०० एन यांत सु. ०·३ टक्के कार्बन व ०·४ टक्के नायट्रोजन असतो. उद्देहोल्मच्या व्हॅनॅक्स या चूर्ण पोलादात नायट्रोजनाचे प्रमाण १·५ टक्क्यांवर जाते. समुद्रावर वापरायच्या चाकूंसाठी अशी पोलादे विशेष सोयीची आहेत.

मॅग्नाकट : २०२१ मध्ये अमेरिकन धातुवैज्ञानिक लॅरिन टॉमस यांनी आखलेले मॅग्नाकट हे पोलाद बाजारात आले. त्यात सु. १·१५ टक्के कार्बन, १०·७ टक्के क्रोमियम, ४ टक्के व्हॅनेडियम, २ टक्के निओबियम, २ टक्के मॉलिब्डेनम व ०·२ टक्के नायट्रोजन आहे. क्रोमियमाचे प्रमाण पात्यांच्या बहुतेक अगंज पोलादांहून कमी ठेवले, हे त्याचे वैशिष्ट्य होय. योग्य उष्णता संस्करणानंतर त्यात क्रोमियमाची कार्बाइडे शिल्लक राहत नाहीत. कार्बन व्हॅनेडियम व निओबियम यांच्याशी बांधला जातो आणि क्रोमियम गंजरोधासाठी मोकळे राहते. त्यामुळे १४ टक्के क्रोमियमाच्या काही पोलादांपेक्षा ते अधिक गंजरोधक व अधिक चिवटही ठरले. ब्रिअर्ली यांच्या वेळेपासूनचा पेच क्रोमियम वाढवून नव्हे, तर त्याचे काम नेमके ठरवून देऊन बराचसा सोडविण्यात आला.

मूल्यमापन व मर्यादा : धार किती टिकते हे मोजण्यासाठी शेफील्डच्या कॅट्रा या संस्थेने विकसित केलेली कसोटी प्रमाणभूत मानली जाते. तीत ठराविक भाराखाली पात्यावर सिलिकायुक्त पुठ्ठ्याच्या पट्ट्या पुढेमागे सरकवितात व एकूण किती मिलिमीटर पुठ्ठा कापला गेला, ते मोजतात. कार्बाइडांची कठिनता व प्रमाण यांनुसार पोलादांचा क्रम या कसोटीत लागतो. परंतु याच कसोटीत धारेचा कोन लहान केला, तर साधे पोलादही जाड धारेच्या उच्च पोलादावर मात करते. कोन कमी करण्यास चिवटपणा लागत असल्याने केवळ झीजरोधावरून पोलादाची योग्यता ठरविता येत नाही. हाडे तोडणारा सुरा, मासे कापायची सुरी व खिशातील चाकू यांच्या गरजा वेगवेगळ्या असतात.

झीजरोधाची किंमत धार लावतानाही मोजावी लागते. नैसर्गिक दगडांतील क्वॉर्ट्‌झ व कुरुंद दोन्ही व्हॅनेडियम कार्बाइडाहून मऊ आहेत. त्यामुळे असे पाते साध्या दगडावर घासल्यास कार्बाइडांभोवतीचे मार्टेन्साइट झिजते, पण कार्बाइडे जशीच्या तशी राहतात. त्यासाठी हिऱ्याची भुकटी किंवा घनीय बोरॉन नायट्राइड लावलेली साधने लागतात. ज्या घरी धार लावण्याचे असे साधन नाही, तेथे लवकर बोथट होणारे पण लवकर पाजळता येणारे पाते अधिक उपयोगी पडते. उष्णता संस्करणात तापमान थोडे चुकले, तरी मिश्रणाचे फायदे नाहीसे होतात. पात्यावर कोरलेल्या पोलादाच्या नावावरून ते संस्करण कसे झाले आहे, हे कळत नाही.

सद्यःस्थिती : या पोलादांचे उत्पादन फारच थोड्या कारखान्यांत एकवटलेले आहे. अमेरिकेतील क्रुसिबल इंडस्ट्रीज या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. तिची चूर्ण पोलादांची नावे व हक्क २०२५ मध्ये एरास्टील कंपनीने विकत घेतले. एस ३०व्ही व मॅग्नाकट यांची घटना प्रसिद्ध आहे. पण ती प्रत्यक्षात उतरविण्यासाठी वायूच्या झोताने पोलादाची भुकटी करणारी यंत्रसामग्री, उच्च दाबाच्या भट्ट्या व अनुभवी तंत्रज्ञ लागतात. कोनसमुद्रमच्या भट्टीकारांपाशी कौशल्य होते, पण पोलादात काय आहे याचे ज्ञान नव्हते आणि धातुक बदलताच ते कौशल्य अपुरे पडले. आज घटनेचे ज्ञान सर्वांना उपलब्ध असून उत्पादनक्षमता मात्र मोजक्या ठिकाणी आहे. चाकूंचा व्यवसाय या कारखान्यांच्या एकूण उलाढालीचा लहानसा भाग असल्याने, साचे व हत्यारे करणाऱ्या मोठ्या उद्योगांची मागणी टिकून राहण्यावरच नव्या पात्यांच्या पोलादांचा पुरवठा अवलंबून आहे.